गायरानाचे छायाचित्र : सेंट अँड्र्यूजचे दोन दिवस

#धागा #इतिहास

१/२४
जूनमधल्या एका शनिवारी भर दुपारी मी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या गावी, तिथल्या ‘ओल्ड कोर्स’वर कॅमेरा घेऊन पोहोचलो. गोल्फच्या खेळाचे हे माहेरघर. रात्री खोलीवर बसून दिवसभराची एकशे चाळीस छायाचित्रे पाहिली, तर जवळजवळ प्रत्येकात तेच : खाली हिरवा पट्टा, वर निळा पट्टा आणि मध्ये ठिपक्याएवढी माणसे. शतकानुशतकांचा इतिहास ज्या भूमीवर घडला, ती चित्रात एखाद्या सपाट मैदानासारखी दिसत होती. माझ्यापाशी आता एकच दिवस उरला होता, तोही रविवार. त्या भूमीत नेमके काय टिपायचे होते आणि शनिवारी ते का निसटले, याची ही हकिकत.

२/२४
प्रथम ‘लिंक्स’ म्हणजे काय ते पाहू. समुद्राची पुळण संपते आणि नांगराखालची जमीन सुरू होते, त्या दोहोंमधला वाळूचा, उंचसखल, गवताळ पट्टा म्हणजे लिंक्स. या शब्दाचे मूळ जुन्या इंग्रजीत असून त्याचा अर्थ उंचवटा असा होतो. हिमयुगानंतर समुद्र मागे सरला, उघड्या पडलेल्या वाळूचे वाऱ्याने ढीग रचले आणि त्यांवर बारीक, चिवट गवत रुजले. या मातीत कस नाही, पाणी ठरत नाही. म्हणून शेतकऱ्याने ती सोडून दिली. मात्र पाऊस लगेच मुरत असल्याने हिवाळ्यातही ती चालण्याखेळण्याजोगी राहते. शेतीला निरुपयोगी ठरली, म्हणूनच ही जमीन खेळाला मिळाली.

३/२४
हे मैदान कोणी आखले? प्रारंभी कोणीच नाही. मेंढ्यांनी गवत खुरटे ठेवले, सशांनी बिळे खणली, वाऱ्याने उघडी वाळू उकरली. थंड वाऱ्यापासून आडोसा घेण्यासाठी मेंढ्या ज्या खळग्यांत दाटीने बसत, त्यांचेच पुढे वाळूचे ‘बंकर’ झाले, असे परंपरेने सांगितले जाते. आज ओल्ड कोर्सवर असे शंभराहून अधिक बंकर आहेत. त्यांतल्या चौदाव्या होलवरील प्रचंड खड्ड्याला तर ‘हेल’, म्हणजे नरक, असेच नाव आहे. माणसाने नंतर पुष्कळ बदल केले. तरी मूळ आराखडा निसर्गाचा आणि जनावरांचा.

४/२४
या खेळाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख सापडतो तो त्याच्यावरील बंदीत. १४५७ साली राजा दुसरा जेम्स याच्या कारकिर्दीत स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्ही खेळांना मनाई केली. कारण लष्करी होते : तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावू लागली होती, आणि दक्षिणेला इंग्लंडसारखा शत्रू होता. १४७१ आणि १४९१ साली हीच बंदी पुन्हा घालावी लागली. जो कायदा तीनदा करावा लागतो, तो पाळला जात नव्हता हे उघड आहे. पुढे राजा चौथा जेम्स यानेच १५०२ साली स्वतःसाठी गोल्फच्या काठ्या विकत घेतल्याची नोंद आहे.

५/२४
सेंट अँड्र्यूजच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद १५५२ सालचा आहे. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना लिंक्सच्या एका भागात ससे पाळायचे होते. त्यासाठी नगराची संमती घेताना त्यांनी एक गोष्ट लेखी मान्य केली : या जमिनीवर गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी व इतर करमणूक करण्याचा नगरवासीयांचा हक्क अबाधित आहे. गुरे चारण्याचा हक्कही त्यात आला. आपल्याकडचे दोन शब्द येथे चपखल बसतात : गायरान आणि वहिवाट. जमीन कोणा एकाची नव्हे, आणि वापर पिढ्यान्‌पिढ्यांचा. ओल्ड कोर्सचा इतिहास म्हणजे या वहिवाटीचा इतिहास.

६/२४
हाच वाद अडीचशे वर्षांनी पुन्हा पेटला, आणि गंमत म्हणजे पुन्हा सशांवरूनच. कर्जात बुडालेल्या नगरपरिषदेने १७९७ साली लिंक्स हातची घालवली. ती पुढे डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांकडे गेली आणि त्यांनी तेथे मांस व कातडीसाठी सशांची पैदास आरंभली. बिळांनी मैदान पोखरून निघाले. नगरवासी न्यायालयात गेले. जागेवर हातघाईचे प्रसंगही आले. सुमारे दोन दशके हे भांडण चालले. अखेर १८२१ साली शेजारच्या स्ट्रॅथटायरम इस्टेटीचे मालक जेम्स चीप यांनी जमीन विकत घेतली आणि ती खेळासाठी राखली.

७/२४
१८९४ साली संसदेच्या कायद्यान्वये लिंक्स पुन्हा नगराच्या मालकीची झाली. १९७४च्या कायद्याने तिचा कारभार पाहण्यासाठी विश्वस्त मंडळ नेमले. पुष्कळांचा असा समज असतो, की हे मैदान ‘रॉयल अँड एन्शंट’ या विख्यात क्लबच्या मालकीचे आहे. तसे नाही. १७५४ साली २२ सरदार-गृहस्थांनी स्थापलेल्या मंडळीला १८३४ साली राजा चौथा विल्यम याच्या आश्रयाने हे नाव मिळाले. त्या क्लबची १८५४ची दगडी इमारत पहिल्या टीच्या पाठीशी रुबाबात उभी आहे खरी. परंतु समोरची जमीन सार्वजनिक आहे. तिथे खेळण्यासाठी आजही दररोज सोडत निघते.

८/२४
आता छायाचित्रणाकडे वळू. त्याचे कारण केवळ माझा कॅमेरा नव्हे. जुन्या लिंक्ससाठी प्रसिद्ध असलेले हेच गाव छायाचित्रणाच्या पहाटेचेही साक्षीदार आहे. लंडन-पॅरिससारख्या महानगरांच्या तुलनेत हे एक छोटे, वाऱ्याने झोडपलेले विद्यापीठाचे गाव. तरी कागदावर प्रकाश धरून ठेवण्याची विद्या १८४०च्या दशकात येथे जितक्या जोमाने रुजली, तितकी फार थोड्या ठिकाणी रुजली. म्हणून या लिंक्सवर कॅमेरा रोखणारा प्रत्येक प्रवासी, त्याला ठाऊक असो वा नसो, एका जुन्या घराण्याच्या अंगणात उभा असतो.

९/२४
प्रकाशशास्त्रज्ञ सर डेव्हिड ब्रूस्टर १८३८ साली येथील महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट हे त्यांचे स्नेही. टॅलबट आपल्या कागदी निगेटिव्हच्या प्रयोगांची माहिती पत्रांतून ब्रूस्टरना कळवीत असत. १८४१ साली टॅलबट यांनी आपल्या ‘कॅलोटाइप’ प्रक्रियेचे पेटंट घेतले; परंतु ते इंग्लंडपुरते होते, स्कॉटलंडमध्ये त्याची बाधा नव्हती. म्हणजे जी विद्या इंग्लंडात परवान्यावाचून वापरता येत नव्हती, ती सेंट अँड्र्यूजमध्ये मोकळी होती. एका कायदेशीर फटीतून एका गावाचे भाग्य उजळले ते असे.

१०/२४
कॅलोटाइप म्हणजे काय? उत्तम कागदावर रौप्य आयोडाइडचा थर चढवायचा, वापरण्यापूर्वी तो आणखी द्रावणाने संवेदनशील करायचा, कॅमेऱ्यात घालून उन्हात प्रकाश द्यायचा आणि मग अंधाऱ्या खोलीत सुप्त प्रतिमा उमटवायची. या निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढता येत. अडचण एकच : चांगल्या उन्हातही प्रकाश देण्यास मिनिटभर वा त्याहून अधिक वेळ लागे. तेवढ्यात जो हलला, तो पुसट झाला. कागदाच्या तंतूंमुळे रेषाही मऊ उमटत, जणू कोळशाने काढलेले चित्र.

११/२४
गावातील वैद्य डॉ. जॉन अ‍ॅडमसन यांनी ही प्रक्रिया साध्य केली. १८४१मधील त्यांचे एक चित्र स्कॉटलंडमधील पहिले कॅलोटाइप व्यक्तिचित्र मानले जाते. त्यांनी ही विद्या धाकट्या भावाला, रॉबर्टला शिकवली. रॉबर्टने १८४३ साली एडिंबरोत व्यवसाय थाटला आणि ब्रूस्टर यांच्याच मध्यस्थीने चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल यांच्याशी त्याची जोडी जमली. अवघ्या साडेचार वर्षांत या दोघांनी हजारो कॅलोटाइप घडविले. १८४६ साली त्यांनी सेंट अँड्र्यूजच्या दृश्यांचा संग्रहही प्रसिद्ध केला. १८४८च्या जानेवारीत रॉबर्ट वारला. तेव्हा त्याचे वय अवघे २६ होते.

१२/२४
हिल आणि अ‍ॅडमसन यांनी गोल्फपटूंचीही कॅलोटाइप काढली. पण मिनिटभराच्या प्रकाशात चालता खेळ टिपणार कसा? म्हणून खेळाडूंना हवी ती ठेवण देऊन निश्चल उभे केले जाई. चेंडू टोलवण्याच्या बेतात असलेला माणूस, त्याकडे वाकून पाहणारी मंडळी : सारेच श्वास रोखून थांबलेले. चित्रकार चार्ल्स लीज यांनी सेंट अँड्र्यूजच्या लिंक्सवरील सामन्याचे जे भव्य तैलचित्र १८४७ साली पूर्ण केले, त्यासाठी या कॅलोटाइपचा उपयोग झाला. गोल्फच्या छायाचित्रणाचा आरंभ असा रचलेल्या क्षणांतून झाला.

१३/२४
लीज यांच्या चित्रात मेजर ह्यू लायन प्लेफेअर हेही दिसतात. भारतात बंगालच्या तोफखान्यात नोकरी करून परतलेले हे गृहस्थ १८४२ साली नगरप्रमुख झाले. ब्रूस्टर यांच्या छायाचित्रण-मंडळीतही ते होते. भारतातून पैसा आणि माणसे या गावात येत होती, आणि गोल्फ उलट दिशेने निघाला होता. कलकत्त्यात १८२९ साली आणि मुंबईत १८४२ साली गोल्फ क्लब निघाले. ब्रिटिश बेटांबाहेरचे हे सर्वांत जुने क्लब. मुंबईचा तो क्लब कधीच लयास गेला; परंतु ‘रॉयल अँड एन्शंट’च्या वसंतातील स्पर्धेत ‘बॉम्बे मेडल’ या नावाचे पदक आजही खेळले जाते.

१४/२४
पौर्वात्य जगाशी दुसरा धागा चेंडूचा. जुना चेंडू चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून केला जाई. कुशल कारागिराच्या हातूनही दिवसाकाठी मोजकेच चेंडू होत, म्हणून ते महाग. १८४८च्या सुमारास मलय प्रदेशातील झाडाच्या चिकापासून होणाऱ्या ‘गटापर्चा’चा चेंडू आला; तो स्वस्त, टिकाऊ आणि पुन्हा वळता येणारा. सेंट अँड्र्यूजमध्ये अशी आख्यायिका सांगतात, की पूर्वेकडून आलेल्या विष्णूच्या एका मूर्तीभोवती हा चीक बांधणीसाठी वापरला होता आणि त्यातूनच पहिला चेंडू वळला गेला. आख्यायिका आख्यायिकेच्या जागी. मात्र वसाहतींचा कच्चा माल आल्यावर हा खेळ श्रीमंतांच्या हातून सामान्यांच्या हाती आला, एवढे निश्चित.

१५/२४
या चेंडूने एक मैत्री मोडली. अ‍ॅलन रॉबर्टसन हा पिसांच्या चेंडूंचा निष्णात कारागीर आणि त्या काळचा अव्वल खेळाडू. विणकराचा मुलगा टॉम मॉरिस त्याच्या हाताखाली शिकला. टॉम गटापर्चाच्या चेंडूने खेळताना दिसला, तसा रॉबर्टसन संतापला आणि दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. टॉम १८५१ साली प्रेस्टविकला गेला आणि १८६०च्या दशकाच्या मध्यास मैदानाचा रखवालदार म्हणून सन्मानाने परतला. ओपन स्पर्धा त्याने चारदा जिंकली. आजचा ओल्ड कोर्स पुष्कळसा त्याच्या हातचा आहे. अठराव्या होलला त्याचेच नाव आहे.

१६/२४
त्याचा मुलगा, धाकटा टॉम, याने १८६८ ते १८७० अशी सलग तीन वर्षे ओपन जिंकली आणि मानाचा पट्टा कायमचा आपल्या घरी नेला. पट्टाच उरला नाही, म्हणून १८७१ साली स्पर्धा झाली नाही. १८७२ साली ती पुन्हा त्यानेच जिंकली. तो पट्टा कमरेला बांधून स्टुडिओत उभा राहिलेला त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. गावातील पहिले व्यावसायिक छायाचित्रकार थॉमस रॉजर हे डॉ. अ‍ॅडमसन यांच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांच्या स्टुडिओत प्राध्यापक आले, सरदार आले आणि मॉरिस पितापुत्रही आले. श्रीमंतांच्या काठ्या वाहणाऱ्या वर्गातला तरुण कॅमेऱ्यासमोर ताठ मानेने उभा राहिला, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

१७/२४
१८५२ साली रेल्वे आली आणि गावाचे दिवस पालटले. सुट्टी घालवायला येणाऱ्यांना आठवण म्हणून चित्रे हवी होती. शेजारच्या डंडी शहरातील व्हॅलेंटाइन कंपनीसारख्यांनी दृश्यांची छापील चित्रे आणि पुढे पोस्टकार्डे घरोघर पोहोचविली. येथेच एक चाकोरी पडत गेली : प्रवाशाने कोठे उभे राहायचे, कशाकडे पाहायचे हे आधीच ठरू लागले. आज ती चाकोरी एकाच जागी येऊन मिळते. स्विल्कन ओढ्यावरचा दगडी पूल, आणि त्याच्यामागे क्लबची इमारत. शनिवारी मीदेखील त्याच रांगेत उभा राहिलो, हे कबूल करतो.

१८/२४
हा पूल सुमारे ७०० वर्षांचा मानला जातो. लांबी जेमतेम ३० फूट. मूळचा तो मेंढपाळांना जनावरे पलीकडे नेण्यासाठी बांधलेला. आज फोटोसाठी येणाऱ्यांच्या पावलांनी त्याच्या तोंडाशी गवत टिकेना. म्हणून २०२३ साली विश्वस्तांनी तेथे दगडी फरसबंदीचे गोल अंगण केले. फेब्रुवारीत त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर येताच जगभरातून असा गदारोळ उठला, की काही दिवसांतच फरशी उखडून पुन्हा हिरवळ लावावी लागली. छायाचित्रांच्या हव्यासाने जमीन झिजली, आणि छायाचित्रांनीच तिचे रूप वाचवले. दोन्ही बाजूंना आपणच होतो.

१९/२४
आता शनिवारच्या अपयशाचे कारण. सेंट अँड्र्यूज ५६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या भर दुपारी तेथे सूर्य क्षितिजावर सुमारे ५७ अंश चढतो आणि जमिनीच्या सावल्या गिळून टाकतो. लिंक्सचे सारे रूप तर हातभर उंचीच्या चढउतारांत असते. सावली नाही तर उंचवटा नाही, आणि उंचवटा नाही तर लिंक्स नाही. डोळ्याला ते चालताना पायांच्या साहाय्याने कळते. लेन्सला पाय नाहीत. गडावरचे पुसट जोते सकाळच्या तिरक्या उन्हात अचानक स्पष्ट दिसते, हा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

२०/२४
रविवारी पहाटे बाहेर पडलो, तर समुद्रावरून दाट धुके आलेले. स्थानिक लोक त्याला ‘हार’ म्हणतात. ऐकून मराठी माणसाला अंमळ धसकाच बसावा. लिंक्स दिसेना, म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाला, भग्न कॅथीड्रलच्या स्मशानभूमीत गेलो. तेथे धाकट्या टॉमचे स्मारक आहे. पत्नी बाळंतपणात गेली आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत, १८७५च्या नाताळच्या दिवशी, २४व्या वर्षी तो वारला. त्याच आवारात रॉबर्ट अ‍ॅडमसनचीही कबर आहे. गोल्फचा पहिला लखलखता तारा आणि छायाचित्रणाचा पहिला थोर कलावंत, दोघेही विशीतच गेले आणि एकाच भिंतीआड निजले आहेत. तेथे मी कॅमेरा काढला नाही.

२१/२४
धुके विरल्यावर परतलो, तर ओल्ड कोर्सचे रूपच पालटलेले. मोठ्या स्पर्धांचे मोजके दिवस वगळता रविवारी येथे खेळ बंद असतो. जमिनीला विश्रांती मिळते. मग गाव मैदानात उतरते. कुत्रे फिरवणारे, बाबागाडी ढकलणारे, बंकरमध्ये उतरून वाळूत खेळणारी पोरे. जवळच ‘हिमालयाज’ नावाचे उंचसखल हिरवळीचे छोटे मैदान आहे. १८६७ साली स्त्रियांच्या क्लबसाठी थोरल्या टॉमने ते घडविले. थोड्या शुल्कात कोणालाही तेथे खेळता येते. समोरच्या ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबने मात्र स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा ठराव २०१४ साली केला. दीडशे वर्षांचे अंतर शे-दोनशे पावलांत दिसते.

२२/२४
रविवारचे हे दृश्य पाहताना एक जुना नियम आठवला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गावातल्या बायका स्विल्कन ओढ्यावर धुणे धूत आणि लिंक्सवर वाळत घालत. चेंडू कपड्यांवर पडला तर काय करायचे? खेळाच्या नियमांत तशी तरतूद होती : चेंडूखालून कपडे ओढून घ्यावेत आणि धुण्याचे टब आड येत असेल तर ते बाजूला करावे. धुणे काढून टाका असे नियम म्हणत नव्हता, कारण धुणाऱ्यांचाही जमिनीवर तितकाच हक्क होता. १५५२च्या कागदातली वहिवाट इतकी रोजच्या जगण्यात उतरली होती.

२३/२४
संध्याकाळी नऊच्या सुमारास वायव्येकडून तिरपे ऊन आले आणि जमीन उठून बसली. प्रत्येक उंचवट्याला सावली, प्रत्येक खळग्याला कड. एकाच मार्गाने जायचे आणि यायचे, म्हणून घडलेल्या सात जोड-ग्रीन स्पष्ट दिसू लागल्या. त्यांवरील होलच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८ येते. १७६४ साली येथेच २२ होलांचा फेरा १८वर आणला गेला, आणि जगाने पुढे तोच आकडा उचलला. पहिल्या व अठराव्या होलांना छेदून ‘ग्रॅनी क्लार्क्स वाइंड’ नावाची सार्वजनिक वाट समुद्राकडे जाते. त्या वाटेवरून एक वृद्ध जोडपे पुळणीवरून परतत होते, सावल्या त्यांच्याहून लांब. मी खाली बसलो आणि एकदाच बटण दाबले. दोन दिवसांतले ठेवलेले छायाचित्र ते. त्यात ना पूल आहे ना गोल्फपटू. गावची वहिवाट मात्र आहे.

२४/२४
थोडक्या मुक्कामात जाणाऱ्यांसाठी : रविवार गाठा. दुपार वस्तुसंग्रहालयासाठी ठेवा आणि पहाट-संध्याकाळ लिंक्ससाठी. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा. इतर दिवशी ग्रॅनी क्लार्कची वाट ओलांडताना आधी खेळणाऱ्यांकडे पाहा, थांबा, मग चाला. पुलावर फोटो जरूर काढा. मात्र ओलसर, झिजलेल्या हिरवळीवर रेंगाळू नका.
आणि परतल्यावर आपल्या गावातल्या गायरानात, पाणंदीवर, नदीकाठच्या मोकळ्या जागेत एकदा कॅमेरा घेऊन जा. अशा जागांचे कागद अनेकदा दप्तरात हरवतात, आणि लोक तिथे वावरत होते याचा पुरावा उरत नाही. तुमच्या एखाद्या छायाचित्रात तो उरेल. तशा जागा ठाऊक असतील, तर त्यांची छायाचित्रे या धाग्याखाली अवश्य जोडा.